नऊ महिन्यांच्या तट्टूच्या बरगड्या दिसतात, चंदी किती वाढवू?

तुम्ही लिहिलंय की शिंगराचं दूध तोडून तीन महिने झाले, मोजपट्टीने वजन साधारण ११० किलो भरतं, बरगड्या दिसतात पण पोट सुटलंय, म्हणून चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, दुप्पट करायचा विचार आहे. कृपा करून तसं करू नका. हे मी कळवळून सांगतोय, कारण माझ्या पहिल्या शिंगराच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं होतं. दोन वेळा तोबरा भरून धान्य आणि वर गव्हाचा कोंडा. दोन महिन्यांत ते गुबगुबीत दिसू लागलं आणि मी खूश झालो. मग पुढच्या पायांच्या गुडघ्यांवर सूज आली, सांधा डमरूसारखा दिसायला लागला, चाल आखडली. वाढीच्या कूर्चेला सूज आहे, असं पशुवैद्यांनी सांगितलं. चंदी बंद केली, वैरण सुधारली, तेव्हा कुठे काही महिन्यांनी ते नीट चालायला लागलं.

बरगड्या दिसतात आणि पोट सुटलंय, ही जोडी बहुतेक वेळा दोन गोष्टी सांगते: वैरण जाडीभरडी आहे, तिच्यात प्रथिनं कमी आहेत, किंवा पोटात जंत आहेत. म्हणून पहिलं काम लीद तपासून घेण्याचं. या वयात गोल जंतांचा त्रास फार होतो. पोटात जंतांची गर्दी असेल तर औषध कोणतं आणि किती द्यायचं हे पशुवैद्यांनाच ठरवू द्या, कारण सगळे एकदम मेले तर आतडं तुंबू शकतं.

आता खाण्याचं. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरत असतं. त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला हवं, दोन वेळचं ताट नको. वाढत्या शिंगराला रोज वजनाच्या २ ते २.५ टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे तुमच्याकडे साधारण अडीच ते तीन किलो वाळलेली वैरण. ती मऊ, पानांची, हिरवट आणि गोड वासाची हवी. बुरशीचा जराही वास आला तर फेकून द्या. त्यातली पाव हिस्सा वैरण लसूणघासाची केली तर प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. माझ्या अनुभवात एवढ्या एकाच बदलाने पाठीवर मांस धरायला सुरुवात होते.

कोंड्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो पौष्टिक समजून सगळेच देतात. कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम अगदी कमी. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावं, निदान कमी तर कधीच नसावं. ते कमी पडलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, आणि हे लांबलं तर जबड्याची हाडं फुगून तोंड बेढब होतं. वाढत्या हाडांना तांबं आणि जस्तही लागतं, लायसिन हा प्रथिनांचा घटक नसेल तर प्रथिनं वाया जातात. खास घोड्यांसाठीचं संतुलित खनिज-प्रथिन मिश्रण पुड्यावरच्या प्रमाणात द्या. ते मूठ-दोन मूठच असतं, पण काम तेच करतं. गाईगुरांचं किंवा कोंबड्यांचं खाद्य मात्र चुकूनही नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं, आणि ते घोड्याच्या हृदयाला मारक आहे.

एवढं करूनही अंग भरलं नाही तर थोडे ओट्स चालतील, पण तुमच्या शिंगराला एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको. तट्टू थोड्यावर जगणारी जात आहे. जास्त पिष्ट आणि साखर मिळाली की चरबी धरते आणि पुढे खुरांच्या आतल्या थराला सूज येते, ते दुखणं आयुष्यभर मागे लागतं. उलट वजन वाढलं म्हणून उपाशीही ठेवू नका, तट्टूंच्या रक्तात चरबी उतरून जिवावर बेततं. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. मीठ, स्वच्छ पाणी आणि मोकळं हुंदडायला जागा हवीच. मोठ्या घोड्यांसोबत खात असेल तर वेगळं खायला घाला, बिचाऱ्याला ते हुसकावत असतील.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, दाट केसांखाली काहीच कळत नाही. दर पंधरा दिवसांनी हात फिरवा: बरगड्या हाताला सहज लागाव्यात पण दिसू नयेत. घोड्याच्या अंगावरची चरबी जोखायला संशोधक हेनेके यांनी १९८३ साली मांडलेल्या १ (अगदी हाडकुळा) ते ९ (अतिलठ्ठ) च्या श्रेणीत ही ५ ची अवस्था. सोबत छातीचा घेर त्याच पट्टीने, त्याच वेळी मोजून वहीत लिहा. आकडा सावकाश पण सारखा चढत राहिला की पुरे.

सध्या कोणत्या गवताची वैरण घालताय आणि दिवसाला किती, ते लिहा. लसूणघास नेमका किती घालायचा ते त्यावरून सांगता येईल.