पहिली रेकॉर्ड घेण्याआधी

आधी चांगल्या सुईवर खर्च करा, रेकॉर्डींचा ढीग नंतर. स्वस्त सूटकेस प्लेअरची सुई बहुधा जड टेकते आणि तो भार कमी करायची सोय नसते. भार जुळवता येईल असा टर्नटेबल घ्या, जुना असला तरी चालेल. साध्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या भागाला, साधारण दीड-दोन ग्रॅम पुरतात; नेमका आकडा माहितीपत्रकात बघा.

दुकानात निवांत वेळ काढून जा. दुकानदाराला विचारून रेकॉर्ड बाहेर काढा, कडेने धरा, दिव्याखाली तिरकी करा. केसासारखे ओरखडे बऱ्याचदा ऐकूही येत नाहीत. बोटाला जाणवणारा चरा मात्र टकटक वाजणारच. मग लेबलवरचं भोक पाहा: भोवती पुसट रेघांचं जाळं असेल तर ती रेकॉर्ड पुष्कळ वाजलेली आहे. मी अजूनही कव्हरच्या देखणेपणापेक्षा यावर जास्त भरवसा ठेवतो.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना रुंद टोकाची वेगळी सुई लागते. त्या अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते.

२००८ पासून साजरा होणारा ‘रेकॉर्ड स्टोअर डे’, म्हणजे रेकॉर्डींच्या स्वतंत्र दुकानांचा वार्षिक दिवस, छोट्या दुकानांना मोठा आधार आहे, पण पहिली खरेदी त्या गर्दीत नको. एरवीच्या दिवशी जा, काय आवडतं ते मोकळेपणी सांगा. माझ्या सर्वांत लाडक्या रेकॉर्डी अशा गप्पांतूनच हाती आल्या.

आणि घरी त्या उभ्याच ठेवा, उन्हापासून लांब.