व्हीएनएच्या (व्हेक्टर नेटवर्क ॲनलायझर, सर्किटमधून जाणारा आणि परत येणारा सिग्नल मोजणारं यंत्र) पोर्टवर +२६ डीबीएम छापलंय, मग अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) कशाला हवा?

तुमच्या ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती वाढवतो, ३० डीबी, आउटपुट १ वॉटपर्यंत. यंत्राचा सोर्स –१० डीबीएमवर (डीबीएम म्हणजे १ मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) ठेवला की आउटपुट +२०, म्हणजे पोर्टच्या मर्यादेच्या आत, असा तुमचा हिशोब आहे. पोर्ट जळणार नाही हे खरं, पण गेन चुकीचा दिसेल.

छापलेला आकडा पोर्ट खराब होण्याचा असतो. यंत्रातला रिसीव्हर त्याच्या बराच आधी दबायला लागतो, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी पॉवर दाखवतो (कॉम्प्रेशन). डेटाशीटमध्ये ०.१ डीबी कॉम्प्रेशनची पातळी बघा. ती बऱ्याच यंत्रांत +१० डीबीएमच्या आसपास असते.

मी स्वतः यात फसलोय. पॉवर स्वीपमध्ये (सोर्सची पॉवर हळूहळू वाढवत केलेल्या मोजणीत) गेनची रेषा शेवटी ०.४ डीबीनं खाली वाकत होती आणि मी अख्खी दुपार ट्रान्झिस्टरचं बायस तपासत बसलो. शेवटी पोर्ट २ च्या आधी १० डीबीचा अटेन्युएटर लावला, कॅलिब्रेशन पुन्हा केलं आणि रेषा सरळ झाली. दबत होता तो रिसीव्हर! तुम्हीही हेच करून बघा. अटेन्युएटर लावूनही रेषा त्याच सोर्स पॉवरला वाकली, तर मात्र ॲम्प्लिफायरच दबतोय.

तुमच्यासाठी मी ३० डीबीचा घेईन, म्हणजे १ वॉटलाही रिसीव्हरपर्यंत ० डीबीएमच पोचेल. जवळपास सगळा वॉट अटेन्युएटरमध्येच उष्णता होऊन जातो, त्यामुळे तो किमान २ वॉटचा घ्या, ५ चा असला तर उत्तम.

याची किंमत डायनॅमिक रेंजमध्ये (सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान मोजता येणाऱ्या सिग्नलमधलं अंतर) मोजावी लागते: तेवढेच ३० डीबी जातात. आयएफ बँडविड्थ (रिसीव्हरच्या फिल्टरची रुंदी) १० किलोहर्ट्झवरून १०० हर्ट्झवर आणली की नॉइज फ्लोअर (यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाची पातळी) २० डीबीनं खाली जातो, पण स्वीप खूप रेंगाळतो. गेनसाठी एवढं पुरतं. एस२२ (आउटपुटकडून परत येणारा सिग्नल) मात्र या जोडणीत मोजूच नका. परावर्तित सिग्नल अटेन्युएटरमधून दोनदा जातो, ६० डीबी गमावतो, उरतो तो निव्वळ गोंगाट. त्यासाठी अटेन्युएटर काढा, ॲम्प्लिफायरच्या इनपुटला ५० ओहमचं टर्मिनेशन लावा आणि पोर्ट २ वर वन-पोर्ट कॅलिब्रेशन करा.

आणि ॲम्प्लिफायर जोडलेला असताना प्रीसेट (सगळी सेटिंग्ज मूळ स्थितीत नेणारं बटण) दाबू नका. कित्येक यंत्रं प्रीसेटनंतर सोर्स ० डीबीएमवर नेतात. मग अटेन्युएटर नसेल तर पोर्टवर थेट १ वॉट येतो आणि +२६ डीबीएम म्हणजे जेमतेम ४०० मिलीवॉट. आउटपुटला डीसी येत असेल तर डीसी ब्लॉकही (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा भाग) लावा, डीसीची मर्यादा पोर्टवर वेगळी लिहिलेली असते.