वाचकांचे प्रश्न : मुलांच्या आरोग्याचा हक्क मागायचा कुणाकडे?

प्रश्न : प्रत्येक मुलाला आरोग्याचा हक्क आहे म्हणतात. मग मूल आजारी पडले की हक्कभंग झाला का?

उत्तर : नाही. निरोगीपणाची हमी कोणतेच सरकार देऊ शकत नाही. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम २४मध्ये, गाठता येईल अशी आरोग्याची सर्वोच्च पातळी मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे प्रश्न विचारायचा तो सरकारने काय केले, काय टाळले, असा. बालमृत्यू कमी करणे, प्राथमिक उपचार, कुपोषणाशी लढा, पिण्याचे स्वच्छ पाणी, बाळंतपणाआधी आणि नंतर आईची काळजी ही कामे त्या कलमात नावानिशी आहेत. पाण्याचा मुद्दा तर तक्रारदारांच्या नजरेतूनही सुटतो. सगळे लक्ष दवाखान्यावर असते. अतिसाराने मुले वारंवार दगावत असतील, तर नळाच्या पाण्याची तपासणी कधी आणि कुणी केली, हाही आरोग्यहक्काचाच प्रश्न.

प्रश्न : 'निधी नाही' हे सरकारचे उत्तर चालते का?

उत्तर : अर्धेच चालते. याच संहितेच्या कलम ४प्रमाणे सरकारने उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत पावले उचलायची असतात, त्यामुळे सगळे एका वर्षात झाले पाहिजे असा आग्रह टिकत नाही. पण भेदभाव न करणे हे कर्तव्य आजपासूनच लागू असते, त्याला निधीची सबब नाही. आणि चालू असलेली सेवा जाणूनबुजून कमी केली, तर सर्व पर्याय तपासूनच तसे केले हे सरकारने दाखवून द्यायचे, असे संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क समितीने २०००च्या चौदाव्या सामान्य टिप्पणीत, म्हणजे आरोग्यहक्काचा अर्थ सांगणाऱ्या टिपणात, म्हटले आहे. म्हणून अर्जात 'सुविधा अपुऱ्या आहेत' असे लिहू नका. अमुक सेवा अमुक तारखेपर्यंत होती, त्यानंतर बंद झाली, आणि कोणत्या मुलांना ती आता मिळत नाही, असे लिहा.

प्रश्न : देशात कुणीच दाद देत नसेल, तर थेट संयुक्त राष्ट्रांकडे जाता येते का? मुलाचे वय किती लागते?

उत्तर : वयाची किमान अट नाही. मूल स्वतः संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार करू शकते, किंवा त्याच्या वतीने दुसरे कुणी; मात्र तेव्हा मुलाची संमती हवी, नाहीतर ती का घेतली नाही हे पटवून द्यावे लागते. ही वाट २०११च्या तिसऱ्या वैकल्पिक प्रोटोकॉलने, म्हणजे संहितेला जोडलेल्या पण देशाने वेगळा मान्य करायच्या कराराने, उघडली, तो १४ एप्रिल २०१४पासून अमलात आहे. आधी एकच गोष्ट पाहा : आपल्या देशाने हा प्रोटोकॉल मान्य केला आहे का? नुसती मूळ संहिता मान्य असून भागत नाही. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

तक्रार लेखी हवी, निनावी चालत नाही. देशातील न्यायालयीन उपाय संपल्यानंतर एका वर्षाच्या आत ती पाठवावी लागते. देशातील उपाय आधी संपवण्याचा हा नियम प्रकरणे बुडवतो. हवामानबदलाबाबत सोळा मुलांनी पाच देशांविरुद्ध केलेली तक्रार समितीने २०२१मध्ये मुलांचे बरेच मुद्दे मान्य करूनही याच कारणाने दाखल करून घेतली नाही. उपाय अवाजवी लांबतात किंवा त्यांतून खरी दाद मिळण्याची शक्यता नाही, असे असल्यास सूट मिळते, पण 'आमचा विश्वास नाही' एवढ्याने नाही. अर्ज, तारखा, मिळालेली उत्तरे यांची नक्कल जोडावी लागते. घटना प्रोटोकॉल त्या देशात लागू होण्याआधीची असेल आणि आता चालू नसेल, तर ती बाद. हेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेत सुरू असेल तरीही बाद. मुलाला भरून न येणारी हानी होणार असेल, उदाहरणार्थ औषध खंडित होत असेल, तर अंतरिम उपायांची मागणी पहिल्याच पत्रात करा. समिती प्रकरणाचा निकाल लागण्याआधीच सरकारला तशी विनंती करू शकते.

समितीचे मत न्यायालयाच्या हुकमासारखे अमलात आणता येत नाही. पण सरकारला सहा महिन्यांत लेखी उत्तर द्यावे लागते.

प्रश्न : आमच्या देशाने तो प्रोटोकॉल मान्य केलेला नाही. मग काही नाहीच का?

उत्तर : आहे, मात्र ते एका मुलाच्या खटल्यासाठी नाही. मूळ संहितेतले प्रत्येक राष्ट्र पहिल्या दोन वर्षांत आणि नंतर दर पाच वर्षांनी समितीला अहवाल देण्यास बांधील आहे. त्या वेळी संस्था आणि मुलेही स्वतंत्र माहिती पाठवू शकतात. मोघम तक्रारींपेक्षा कोणत्या भागात, किती वयाची मुले, कोणती सेवा, हे सांगणारी चार पाने जास्त वाचली जातात.