पॉझिटिव्ह रिपोर्ट आला म्हणून सिझरच करावं लागतं का?

नाही, तुमच्या वहिनीचा कोरोना रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे एवढ्याच कारणावरून सिझर करावं लागत नाही. कळा व्यवस्थित येत असतील आणि बाळाचे ठोके चांगले असतील तर नॉर्मल बाळंतपण होतं. 2020-21च्या लाटांत मी लातूर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लेबर रूमला होते आणि जागतिक आरोग्य संघटनेनंही 2020 मध्येच हेच सांगितलं होतं. बाळ आडवं असणं, ठोके कमी होणं, रक्तस्राव अशी कारणं असतील तर सिझर होतंच. तेव्हाही शक्यतो पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, पूर्ण भूल टाळतात. मात्र वहिनीला धाप लागत असेल, ऑक्सिजन खाली येत असेल, तर आईचा जीव वाचवायला डॉक्टर लवकर बाळंतपण करायचं ठरवू शकतात, तिथं अडून बसू नका.

साथीत खरा घात उशिरानं होतो. तालुक्याला गेलं की पुढं लातूरला न्या म्हणतात, आणि बाई गाडीतच कळा देत बसते. म्हणून आजच करा:

- पॉझिटिव्ह बाईचं बाळंतपण कुठं घेतात ते आशाताईंना विचारून पक्कं करा, वाहनाला 108.
- माता-बाल कार्ड, सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद एका पिशवीत.

बाळाला आईपासून तोडू नका हो. तोंडाला मास्क, हात साबणानं धुतलेले, एवढं केलं की पहिल्या तासातच अंगावर पाजता येतं.