वाचक विचारतात: ॲडब्लॉकरमुळे फुकटच्या साइट बंद पडतील का?

प्रश्न: बरीच वर्षं ॲडब्लॉकर (ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा छोटा प्रोग्राम) वापरतोय. परवा एका साइटने लेखावर पडदाच टाकला, "जाहिराती चालू करा, नाहीतर आम्हाला साइट चालवणं परवडणार नाही". खरंच असं असतं की उगाच घाबरवतात? आणि मी तसाही जाहिरातीवर कधीच क्लिक करत नाही, मग त्यांचं काय बिघडतं?

उत्तर: आधी क्लिकचं बघू, कारण गल्लत तिथेच होते. क्लिक न करताही फरक पडतो. बऱ्याच जाहिरातींचे पैसे "हजार वेळा दिसली की अमुक इतके" अशा हिशोबाने मिळतात, साइटवर जाहिराती लावून देणारी गूगलची सेवा ॲडसेन्ससुद्धा 2024 मध्ये क्लिक सोडून याच हिशोबावर आली. आणि ब्लॉकर जाहिरात नुसती झाकत नाही हो, ईझीलिस्टसारख्या यादीत जाहिरातींचे जे वेब-पत्ते आहेत त्यांच्याकडे तो ब्राउझरला जाऊच देत नाही, म्हणजे जाहिरात मागवलीच नाही, मोजलीच नाही, तुमच्या त्या भेटीचे पैसे शून्य. सर्व्हरचा खर्च मात्र झालाच.

त्यामुळे ओरड खोटी नाही. आर्स टेक्निका या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटने 2010 मध्ये 12 तास एक प्रयोग केला होता, ब्लॉकरवाल्यांना लेखच दिसेनासे केले. लोक भडकले, पण साइटने मग नीट समजावून सांगितल्यावर बऱ्याच जणांनी तिला ब्लॉकरमधून सूटही दिली.

पण सगळ्यांनाच धोका आहे असंही नाही. विकिपीडिया देणग्यांवर चालतो, मोठी वर्तमानपत्रं सबस्क्रिप्शनवर गेली, मरण आहे ते फक्त बॅनरवर जगणाऱ्या छोट्या-मध्यम साइटचं.

आता दुसरी बाजू. तुम्ही लिंकवर बोट टेकवायला जाता, तेवढ्यात वरून जाहिरात लोड होते, पान खाली सरकतं आणि बोट पडतं जाहिरातीवर, मग तो एवढुसा फुलीचा चौकोन शोधत बसा. हा झाला नुसता वैताग. मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी अशा नावाजलेल्या साइटवर जाहिरातींमधून रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरवायचा प्रकार झाला, कारण जाहिरात येते तिसऱ्याच कुठल्यातरी नेटवर्कवरून आणि साइटवाल्याला ती आधी दिसतही नाही. 2022 मध्ये तर अमेरिकेच्या एफबीआयनेच लोकांना सांगितलं की सर्च करताना ॲडब्लॉकर वापरा. मग सामान्य माणसाने लावला तर त्याला चोर कसं म्हणायचं?

आणि पैसा जातो कुठे तेही बघा. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेसाठी पीडब्ल्यूसी या हिशोब तपासणाऱ्या कंपनीने 2020 मध्ये हिशोब तपासला, तर जाहिरातदाराच्या 100 मधले सरासरी 51 च साइटपर्यंत पोचत होते, बाकीचे एजन्सी, एक्सचेंज (जाहिरातींच्या जागांचा ऑनलाइन बाजार) वगैरे मधल्या मंडळींत, आणि त्यातले 15 नक्की कुठे गेले ते तपासणाऱ्यांनाही सापडेना. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि शिव्या मात्र ब्लॉकरला.

माझं म्हणाल तर ब्लॉकर ठेवा, पण ज्या साइट रोज वाचता आणि ज्या सभ्यपणे जाहिराती दाखवतात तेवढ्यांना सूट द्या, दोन क्लिकचं काम आहे.

प्रश्न: ब्राउझर अपडेट झाल्यावर माझा ब्लॉकर आपोआप बंद पडला. का?

उत्तर: बहुतेक क्रोम असणार. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, त्यांच्यासाठी मॅनिफेस्ट व्ही3 हे नवे नियम आले आणि 2024-25 मध्ये युब्लॉक ओरिजिन या ब्लॉकरसारखी जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन क्रोमने बंद केली. त्याचं लाइट व्हर्जन चालतं, फायरफॉक्सवर अजून मूळचंच चालतं. गूगल सुरक्षिततेचं कारण देतं, पण ब्राउझर बनवणारी कंपनीच जाहिरातींवर कमावते हे विसरू नका.

प्रश्न: माझी स्वतःची छोटी साइट आहे, ब्लॉकरमुळे उत्पन्न घटलंय. मी पण पडदा लावू का?

उत्तर: नका लावू, लोक दुसऱ्या साइटवर जातात. त्यापेक्षा पानावरच्या जाहिराती कमी करा, आणि जमलं तर एखादा जाहिरातदार थेट गाठून साधं चित्र स्वतःच्याच सर्व्हरवरून दाखवा, त्यात ट्रॅकिंग, म्हणजे वाचक कुठे काय बघतो याचा माग काढणं, नको. लेखाच्या विषयाला धरून जाहिरात असली तरी चालते. नेदरलँड्समधल्या सार्वजनिक प्रसारणाच्या जाहिराती बघणाऱ्या स्टेर या संस्थेने 2020 मध्ये ट्रॅकिंग कुकी (असा माग काढणाऱ्या छोट्या फायली) सोडल्या आणि उत्पन्न उलट वाढलं, अर्थात त्यांच्याकडे प्रेक्षक मोठा होता, तुमचं तेवढंच होईल असं नाही. सोबत मदतीचं एक बटण ठेवा. आणि खरी काळजी मला वेगळीच वाटते, आता सर्चमध्ये वरच एआयचं तयार उत्तर येतं आणि माणूस साइटवर येतच नाही, ब्लॉकरवाला निदान येऊन वाचतो तरी, त्याच्याकडे न्यूजलेटरसाठी ईमेल तरी मागता येतो. ते आजच सुरू करा.