ऑफिसच्या वेळेतला साड्यांचा धंदा: २५ हजार खरंच सुटतात का?

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय. खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहेत, हातात ५८,००० येतात, नोकरीला सव्वाचार वर्षं झालीत. मिस्टर राज्य सरकारच्या ऑफिसात क्लार्क, घराचा हप्ता २६,०००. दोन वर्षांपासून व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या विकतात, इरकल, खण, सेमी पैठणी, महिन्याला ४५ एक जातात आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे २५ हजार सुटतात. बरंचसं काम ऑफिसातच होतं, रोज दोन तास तरी. आता एचआरची मेल आलीय की दुसरा कुठलाही व्यवसाय करत नाही असं महिनाअखेरपर्यंत सगळ्यांनी लिहून द्यायचं. त्या विचारतात, सही करून टाकू का, की धंदा मिस्टरांच्या नावावर करू, की सरळ राजीनामा देऊन ३ लाखांचं पर्सनल लोन काढून पूर्णवेळ यातच उतरू?

ताई, आधी त्या २५ हजारांकडे बघू कारण तुमचे तिन्ही प्रश्न त्या एका आकड्यावर उभे आहेत.

साडी तुम्हाला सरासरी १,३५० ला पडते, १,९०० ला जाते, म्हणजे ५५० सुटतात, गुणिले ४५, झाले २४,७५०. इथपर्यंत बरोबर. पण कुरिअर फ्री देताय, साडीमागे ८० धरले तरी ३,६०० गेले. पिशवी, बॉक्स, टेप मिळून ९००. महिन्याला चारेक पार्सलं परत येतात म्हणताय, "फोटोत रंग वेगळा होता" नाहीतर सीओडीला घरी कुणी नव्हतं, त्याचं जाऊन-येऊन भाडं अजून साडेसहाशे. आणि कपाटात १ लाख ४० हजारांचा माल पडलाय, त्यातला निम्मा सहा महिन्यांपूर्वीचा. तो खरेदीपेक्षा ३० टक्के खाली काढावा लागला तर २१ हजारांचा फटका, वर्षभरात वाटला तर महिन्याला १,७५०. सगळं वजा करून राहतात साधारण १७,८५०.

आता जो खर्च तुम्ही धरलाच नाही तो. जिन्यात उभं राहून फोन घेणं, गिऱ्हाईकाला पदराचा फोटो परत पाठवणं, येवल्याच्या विणकराला मालासाठी फोन, कुरिअरची लेबलं ऑफिसच्या प्रिंटरवर काढणं, हे रोज दोन तास म्हणजे महिन्याला ४४ तास झाले. नऊ तासांचा दिवस, २२ दिवस, तुमच्या पगाराचा तासाचा भाव पडतो २९३ रुपये. म्हणजे जवळपास १२,९०० रुपयांचा वेळ दर महिन्याला तुमची कंपनी तुमच्या धंद्याला पुरवतेय आणि तिला ते माहीतही नाही. तो वजा केला तर धंद्याची स्वतःची कमाई उरते ५ हजारांच्या आसपास, आणि घरी रात्री जे पॅकिंग करता त्याची मजुरी यात अजून धरलेलीच नाही.

मला हे बोलताना वाईट वाटतंय कारण तुमची मेहनत पत्रात दिसते, पण तो वेळ तुमचा नाही ताई, विकलेला आहे, आणि दर महिन्याला त्याचे पैसे तुमच्या खात्यात येतात. बाजूच्या टेबलवरची मुलगी तुमचे फोन सांभाळून घेते असं तुम्हीच लिहिलंय, तर तिचाही वेळ यात जातोय.

सही करू नका. हे मी ठामपणे सांगतो. २०२२ मध्ये विप्रो या आयटी कंपनीचे अध्यक्ष रिषद प्रेमजींनी जाहीर सांगितलं होतं की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० लोकांना काढलं. तुमचं प्रकरण तसं नाही, साड्यांचा आणि तुमच्या कंपनीचा काही संबंध नाही, आज पकडल्या गेलात तर कदाचित समज देऊन सोडतील. पण खोटं लिहून दिल्यावर मुद्दा साड्यांचा राहत नाही, खोट्या सहीचा होतो, आणि तुम्ही अकाउंट्सला आहात, जिथे विश्वासावरच नोकरी मिळते. पुढच्या कंपनीने चौकशी केली की हेच बाहेर येणार.

मिस्टरांच्या नावावर तर मुळीच नको. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांना धंदा करता येत नाही. उलट घरातलं कुणी धंदा करत असेल तर तेही त्यांनी ऑफिसला कळवायचं असतं, ते कळवलंय का हे आधी विचारा. आणि ते तुमचे कॅटलॉग त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकतात ते आजच बंद करा, बायकोच्या धंद्यासाठी गिऱ्हाईक गोळा करणं हेही त्यांच्यासाठी अडचणीचं आहे. एका घरातल्या दोन्ही नोकऱ्या एकाच कारणाने धोक्यात घालायच्या नसतात. शिवाय भांडवल तुमचं असेल तर त्यातला नफा टॅक्ससाठी परत तुमच्याच उत्पन्नात धरतात, म्हणजे तोही फायदा नाही.

राहिला राजीनामा. ३ लाख, १४ टक्के, तीन वर्षं, हप्ता येतो सव्वादहा हजार आणि व्याज जातं ६९ हजार. तुमचा खरा नफा आत्ताच्या मापाने १७-१८ हजार, त्यातून हे गेले तर ५८ हजारांच्या जागी घरात सात-आठ हजार येणार. आधीच सत्तर हजारांचा जुना माल पडून असताना अजून माल भरायला कर्ज कशाला? नोकरीची पाच वर्षं पूर्ण व्हायला नऊ महिने राहिलेत, ३०,००० बेसिकवर ग्रॅच्युइटी साधारण ८६,५०० होते, आत्ता सोडलंत तर ती हातची जाईल. पण मला पैशांपेक्षा जास्त काळजी तुमच्या आईची आहे. त्यांना डायबेटिस आहे आणि त्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. मिस्टरांना सरकारकडून मेडिकल बिलांची जी भरपाई मिळते त्यात सासूबाई बसतील, तुमची आई बसणार नाही. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरी कधीही सोडा, त्याआधी विमा कंपनीकडे ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशनचं विचारून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीच्या प्रीमियमवर जीएसटी नाही, तेवढा तरी भार हलका.

मग करायचं काय? एचआरला खरं लिहा. घरून साड्यांचा छोटा धंदा आहे, कंपनीच्या कामाशी संबंध नाही, ऑफिसच्या वेळेत आणि ऑफिसच्या साधनांवर काही करणार नाही, परवानगी द्यावी. आणि लिहिलं तसं त्याच दिवसापासून वागा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ऑटो-रिप्लाय लावा, "उत्तर संध्याकाळी ७.३० नंतर मिळेल", काही गिऱ्हाईकं जातील, जाऊ द्या. दिवसाचे फोन आणि पॅकिंग बहिणीकडे द्या, ती घरीच असते म्हणालात, पण फुकट नको, साडीमागे ५० रुपये तिच्या खात्यावर टाका. नवीन माल बंद, जुना आधी काढा, पुढे ऑर्डर आणि निम्मे पैसे आले की मगच विणकराला सांगा. असं सहा महिने, आणि त्यात एक मंदीचा काळ आला पाहिजे, आषाढ ते पितृपक्ष. दिवाळी आणि लग्नसराईच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. या पद्धतीने हातात २५ हजार राहायला लागले आणि सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यासकट बाजूला पडला की नोकरी सोडायचं मला परत विचारा, तेव्हा मी कदाचित हो म्हणेन. परवानगी नाहीच मिळाली तर मात्र धंदा थांबवायचा किंवा बहिणीला खरोखर देऊन टाकायचा, नफ्यासकट.

टॅक्सचं थोडक्यात. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे टॅक्स लागत नाही, पगार आणि नफा मिळून तुम्ही त्यात बसता, पण धंद्याचं उत्पन्न दाखवावंच लागतं आणि ते आयटीआर-१ या रिटर्नच्या फॉर्ममध्ये दाखवता येत नाही, तुम्ही दोन वर्षं तोच भरताय. सीएकडे जा. जीएसटी नोंदणीची ४० लाखांची मर्यादा ऐकून तुम्ही निश्चिंत आहात, वर्षाची विक्री सव्वादहा लाख म्हणून, पण बडोदा आणि इंदूरच्या गिऱ्हाईकांना पार्सलं पाठवताय, आणि राज्याबाहेर माल विकला की साधारणपणे पहिल्या साडीपासून नोंदणी लागते. नोंदणी होईपर्यंत बाहेरच्या ऑर्डर थांबवा आणि आधीच्या पार्सलांचं काय करायचं तेही सीएलाच विचारा.

तुमची एचआरला मेल महिनाअखेरच्या चार-पाच दिवस आधी जाऊ दे, म्हणजे त्यांनी काही विचारलं तर बोलायला वेळ राहील. उत्तर लेखी घ्या आणि त्याची कॉपी स्वतःच्या पर्सनल मेलवर ठेवा.