सॉकेटवर किती डेटा येणार हे माहीत नसताना, न अडकता कसं वाचायचं? (पायथन)

तुम्ही विचारलेल्या कोडमधला लूप रिसीव्हकडे (recv, म्हणजे सॉकेट या नेटवर्क जोडणीच्या टोकातून बाइट वाचणारं फंक्शन) १०२४ बाइट मागतो आणि त्याहून कमी आले की मेसेज संपला असं धरून बाहेर पडतो. चूक तिथेच आहे. १०२४ ही फक्त कमाल मर्यादा. टीसीपीला (सॉकेटचा डेटा वाहून नेणारा प्रोटोकॉल) मेसेज कळतच नाही, त्याच्यासाठी सगळे सलग बाइट. पलीकडून एकाच सेंडमध्ये ५००० बाइट निघाले तरी तुमच्या हाती आधी ३००, मग १०२४ असे कसेही पडतील. कधी दोन मेसेज चिकटूनही येतील. लोकलहोस्टवर (आपल्याच संगणकावर) चालणारा कोड नेटवर्कवर अर्धवट उत्तर देतो तो यामुळेच. आणि उत्तर नेमकं २०४८ बाइटांचं निघालं, तर दोन्ही वाचनं पूर्ण १०२४ ची ठरतात, लूप थांबत नाही आणि तिसरा रिसीव्ह अडकून बसतो.

ब्लॉकिंग (डेटा येईपर्यंत अडून राहणं) बंद करणं सोपं आहे: कनेक्ट झाल्यावर सेटब्लॉकिंगला फॉल्स द्या. मग रिसीव्हमधून साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट होते. बाइट मिळाले तर बाइटअ‍ॅरेच्या (वाचलेले बाइट साठवायचा तुमचा बफर) शेवटी जोडा. ब्लॉकिंगआयओएरर आला तर आत्ता काही आलेलं नाही, एवढंच. रिकामे बाइट्स मिळाले तर समोरच्याने पाठवणं बंद केलंय. सॉकेट सिलेक्टरमधून (कोणत्या सॉकेटवर वाचायला काही आहे ते सांगणारी पायथनची सोय) काढून बंद करा. हे काढायचं राहिलं तर सिलेक्ट तो सॉकेट दरवेळी 'तयार' म्हणून देत राहतो आणि सीपीयू १०० टक्क्यांवर जातो. वाट पाहायला स्लीप नको, सिलेक्टर्स मॉड्यूलचा सिलेक्ट टाइमआउटसह वापरा.

मेसेज कुठे संपतो ते मात्र प्रोटोकॉलनेच ठरवावं लागतं. दोन्ही टोकं तुमची असतील तर प्रत्येक मेसेजआधी ४ बाइटांत लांबी पाठवा, नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये (मोठ्या किमतीचा बाइट आधी). बफरमध्ये ४ बाइट जमले की लांबी काढा, तेवढे जमले की मेसेज कापून घ्या, उरलेलं तसंच ठेवा. हे लूपमध्येच करा, एका वाचनात तीन मेसेज आलेले असू शकतात. लांबीला मर्यादा घाला, समजा १ एमबी. नाहीतर कुणीतरी ४ जीबीचा आकडा पाठवेल आणि तुम्ही मेमरी संपेपर्यंत साठवत बसाल. सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर त्याचा नियम पाळा: ओळीचा शेवट, किंवा एचटीटीपीत कंटेंट-लेंग्थ (आधी सांगितलेली लांबी) नाहीतर चंक्ड (तुकड्यातुकड्यांत, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी).

एफआयओएनरीडने (वाचायला किती बाइट तयार आहेत ते ऑपरेटिंग सिस्टीमला विचारायची सोय) बाइट मोजायचा नाद सोडा. तो कर्नलच्या बफरात पोहोचलेलंच मोजतो, वाटेतलं नाही.

टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) असेल तर अजून एक खोच: सिलेक्ट गप्प असतानाही डिक्रिप्ट झालेला डेटा एसएसएल सॉकेटच्या पोटात पडून असतो. म्हणून एसएसएलवाँटरीडएरर (आत्ता वाचायला काही उरलं नाही, असं सांगणारा एरर) येईपर्यंत वाचत राहा. तिथे ब्लॉकिंगआयओएरर येत नाही.